मान वर कर, पोरी

२ जानेवारी २०२५ला ओटावात कॅनडाचा वीस वर्षांखालच्या मुलांचा आइस हॉकी संघ झेक संघाकडून ४-३ असा हरला आणि जागतिक स्पर्धेतून उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडला. मैदान घरचं, प्रेक्षक घरचे. आदल्या वर्षी स्वीडनमध्ये हीच फेरी, हाच प्रतिस्पर्धी, ३-२. दोन्ही वेळा विजयी गोल शेवटच्या मिनिटात बसला. झेक प्रजासत्ताकात एक कोटीच्या थोडी वर माणसं आहेत. नुसत्या मुंबईत त्याहून जास्त राहतात. दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर सुतक सुरू झालं. खरी स्किलवाली पोरं संघात घेतलीच नाहीत, असा बऱ्याच जणांचा टाहो होता.

स्किल, स्किल, स्किल. टोरांटोजवळच्या आमच्या मिसिसागात आज शाळकरी मुलाच्या आईबापांना दुसरा शब्द ऐकू येत नाही. आणि गंमत म्हणजे स्किल इतकं कधीच नव्हतं. आठ वर्षांचा माझा नातू उलटं स्केटिंग करताना असा वळतो, की १९८०च्या दशकातल्या व्यावसायिक खेळाडूंनी तोंडात बोट घातलं असतं. तरीही मागे वळून पाहिलं की वाटतं, शिकवण्याच्या बाबतीत एक गोष्ट या देशाच्या दोनदा हाती आली आणि दोनदा त्याने ती सोडून दिली.

पहिली वेळ माझ्या इथे येण्याच्या कितीतरी आधीची. टोरांटोतल्या लॉइड पर्सिव्हल नावाच्या प्रशिक्षकाने १९५१मध्ये ‘द हॉकी हँडबुक’ लिहिलं. स्केटिंग कसं मोजावं, खेळाडूंनी काय खावं, व्यायाम कुठला करावा, पास देणं शास्त्रशुद्ध कसं शिकवावं, सगळं त्यात होतं. इथल्या मोठ्या कोचांनी त्याची टर उडवली. हा माणूस कधी व्यावसायिक हॉकी खेळलेला नाही, हा काय शिकवणार! मॉस्कोत सोव्हिएत प्रशिक्षक अनातोली तारासोव्ह यांनी मात्र ते पुस्तक मन लावून अभ्यासलं. बर्फ कमी होता म्हणून त्यांनी पोरांना जमिनीवर पळवलं, उड्या मारायला लावल्या, पास देऊन मोकळ्या जागेत जायला शिकवलं. १९७२च्या सप्टेंबरमध्ये माँट्रिअलला दोन्ही देशांच्या मालिकेतल्या पहिल्याच सामन्यात सोव्हिएत संघाने कॅनडाला ७-३ असं धुतलं, तेव्हा लोकांना आपल्याच गल्लीतल्या पुस्तकाची आठवण झाली. ती मालिका कॅनडाने अखेरच्या सामन्यात, चौतीस सेकंद उरलेले असताना जिंकली. जिंकल्यावर अभ्यासाची गरज कोणाला वाटते?

१९८०चं दशक मी इथे काढलं, पण त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. एडमंटनवाले जिंकत होते, ऑफिसात सोमवारी त्याचीच चर्चा, आणि मी मान डोलवत चहा प्यायचे. आम्हा मराठी मंडळींचं सगळं लक्ष क्रिकेटच्या स्कोअरकडे. हॉकी म्हणजे दात पडलेल्या गोऱ्यांचा खेळ, असं आमच्या मंडळात उघड बोललं जाई.

चित्र बदललं १९९८ला. नागानोच्या ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात कॅनडा, पुन्हा झेक संघासमोरच, पेनल्टी शॉट्सवर हरला. त्या शॉट्समध्ये झेक गोलकीपर डोमिनिक हाशेकने एकही पक, म्हणजे रबरी चकती, आत जाऊ दिली नाही, आणि कॅनडाचा सर्वांत नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्स्की बाकावर बसून राहिला. त्याला शॉट घ्यायला पाठवलंच नाही. कॅनडाचे पुरुष चौथे आले. त्याच स्पर्धेत बायकांची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली, आणि कॅनडाच्या हेली विकेनहायझरला टीव्हीवर पाहून आमची लेक स्टिकसाठी हटून बसली.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये टोरांटोत मोठी परिषद भरली. नुकताच निवृत्त झालेला ग्रेट्स्की त्यात होता, कोच होते, संघटनांचे पदाधिकारी होते. विषय एकच: आपली मुलं सामने फार खेळतात आणि सराव फार कमी करतात. सरावाचं प्रमाण वाढवा, कोचांना नीट प्रशिक्षण द्या, असं ठरलं. पर्सिव्हल यांनी जवळपास हेच अर्ध्या शतकापूर्वी सांगितलं होतं. पण ते जाऊ दे.

त्यानंतरची आठ-दहा वर्षं मी रिंकच्या बाकांवर काढली. आमच्या वस्तीतल्या हाउस लीगमध्ये लेकीला घातलं. हाउस लीग म्हणजे निवड नाही, गाळणी नाही. नाव नोंदवलं की संघ मिळतो, आणि प्रत्येकाला सारखा वेळ खेळायला मिळतो. शनिवारी सकाळी सहाचा आईस टाइम. बाहेर उणे पंधरा, आत त्याहून फार काही वेगळं नाही. गुडघ्यावर बसून लेकीच्या स्केट्सच्या नाड्या आवळताना बोटांची कातडी निघायची, आणि ती म्हणायची, “आई, अजून घट्ट.”

कोच पोस्टात काम करणारा, पन्नाशीचा माणूस होता. त्याची स्वतःची मुलं कधीच मोठी होऊन गेली होती. पगार शून्य, वर पक आणि शंकू स्वतःच्या खिशातून आणायचा. पहिला तास त्याने फक्त पडायला आणि उठायला शिकवलं: एक गुडघा वर, दोन्ही हात त्यावर, मग दुसरा पाय. दुसऱ्या आठवड्यात धार समजावली. स्केटचं पातं तीनेक मिलिमीटर जाड असतं. धारवाला यंत्रावर त्याच्या तळाला लांबीभर उथळ खाच कोरतो आणि एका पात्याला दोन कडा तयार होतात, आतली आणि बाहेरची. खाच खोल असली की कडा बर्फाला घट्ट धरते, पण पाय जड चालतात. आतल्या कडेवर कोणतंही पोर आपोआप उभं राहतं. बाहेरच्या कडेवर झुकायला मात्र छाती लागते, कारण शरीराला वाटतं, आता पडलोच.

आणि मग त्याची ती बोटं. पोरं पक घेऊन त्याच्याकडे धावत यायची, आणि तो हातमोजा काढून हवेत दोन, चार, तीन बोटं दाखवायचा. किती, ते पळता पळता ओरडून सांगायचं. पकवर डोळे खिळलेले असतील तर बोटं दिसणार कशी? आमची लेक घाईत मराठीत ओरडायची, “तीन!” कोचला आकडा कळायचा नाही, पण मान वर आहे एवढं त्याला पुरायचं. उरलेल्या वीस मिनिटांत रिंकच्या एका कोपऱ्यात तीन विरुद्ध तीन असा खेळ लावायचा. जागा इतकी कमी, की पास दिल्याशिवाय निभावच लागत नसे.

दुसरा एक सहायक कोच होता, त्याचं नाव घेत नाही. बर्फावर नाचणाऱ्या एका बाईला स्केटिंग शिकवायला बोलवावं, असं आम्ही दोघीतिघींनी सुचवलं तेव्हा तो फिदीफिदी हसला. पोरांना झगे घालणार का, म्हणाला. पुढे १९८४ची जागतिक फिगर स्केटिंग विजेती बार्बरा अंडरहिल टोरांटो मेपल लीफ्सच्या करोडपती खेळाडूंना स्केटिंग शिकवू लागली. त्या गृहस्थांना कोणीतरी हे कळवलं असेल अशी आशा आहे.

बारा वर्षांची झाल्यावर लेक निवडक संघात गेली आणि दुसरं जग दिसलं. तिथला कोच सुशिक्षित, प्रमाणपत्रं भिंतीवर. सामना अटीतटीचा झाला की शेवटच्या दहा मिनिटांत चार-पाच मुलींना बाकावर बसवून ठेवायचा. फी मात्र सगळ्यांची सारखी. त्यातल्या एकीने वर्षअखेर स्टिक कायमची कोपऱ्यात टाकली. तिचा फटका संघात सगळ्यांत जोरदार होता. त्या कोचच्या लेखी बहुधा ती नोंदलीही गेली नसेल.

त्याच सुमारास मॅनी मल्होत्राचं नाव आमच्या घराघरांत होतं. मिसिसागात वाढलेला, वडील पंजाबी, १९९८ला न्यू यॉर्कच्या व्यावसायिक संघाने सातव्या क्रमांकावर निवडलेला. गोलांचा पाऊस त्याने कधी पाडला नाही. फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करतानाची पकसाठीची झटापट, जिंकायचा, समोरच्या संघाला पुढे सरकू द्यायचा नाही, आणि इतकी वर्षं त्या बळावर टिकला. २०२५च्या जूनमध्ये त्याच्या प्रशिक्षणाखाली ॲबट्सफर्डच्या संघाने काल्डर करंडक जिंकला तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढे वाटले गेले, चित्रातले का होईना. असा खेळाडू आजच्या स्किलच्या व्हिडिओत किती सेकंद दिसेल, याचा विचार करते.

रिंकच्या बाकांवरच्या त्या वर्षांनंतरचा काळ भराभर सांगते. अमेरिकेने २००९मध्ये लहान मुलांच्या प्रशिक्षणाचा नवा आराखडा आणला: छोटी जागा, कमी सामने, भरपूर सराव. कॅनडाने २०१३मध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांचं बॉडी चेकिंग, म्हणजे अंगाने धडक देणं, बंद केलं, पुढे अगदी लहानग्यांना अर्ध्या रिंकवर खेळवायला सुरुवात केली. दोन्ही निर्णय योग्य, आणि दोन्हींवर आईबाप असे तुटून पडले, जणू कोणी राष्ट्रगीत बदलतंय. मग २०२२मध्ये कळलं, की नोंदणी शुल्कातून पैसे येणाऱ्या एका निधीतून ‘हॉकी कॅनडा’ या राष्ट्रीय संघटनेने लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी मिटवल्या होत्या. प्रायोजक पळाले, संचालक मंडळ गेलं. पोस्टातल्या त्या माणसासारखे हजारो लोक फुकट राबत होते तेव्हा वरच्या मजल्यावर हे चाललं होतं. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

आता नातवाची गोष्ट. त्याचा एक खासगी स्किल प्रशिक्षक आहे. गोदामात प्लास्टिकचा बर्फ, कॅमेरा, टॅबलेट, तासावर पैसे. कोच एका वेळी एकाच मुलाकडे पाहतो आणि खरंच चांगलं पाहतो. घोटा किती वाकला, वजन कुठल्या कडेवर गेलं, सगळं थांबवून दाखवतो. पोस्टवाल्याला यातलं निम्मं दिसलं नसतं. पण त्या गोदामात दुसरा खेळाडू नाही. शंकू आहेत. शंकू पास मागत नाहीत, आडवे येत नाहीत, चुकीच्या जागी जाऊन उभे राहत नाहीत. नातू त्यांना सुंदर हुलकावणी देतो, आणि शनिवारच्या सामन्यात तशीच देतो. तोवर डावीकडे एकटं उभं असलेलं पोर स्टिक आपटून आपटून थकतं.

शिवाय या गोदामाचा दर दर वर्षी वाढतो. ज्यांना तो झेपतो त्यांची मुलं दोन वर्षांत पुढे निघून जातात. मग हाउस लीगमध्ये उरलेल्यांना वाटतं, आपण कच्चे, आणि तेही सोडतात. आमच्या वेळी नवीन आलेल्या कुटुंबाला या खेळाचं एकमेव दार म्हणजे हाउस लीग. आम्ही त्याच दाराने आत आलो.

या मोसमात लेकीनेच नातवाच्या हाउस लीग संघाचं कोचपद घेतलं. ऑनलाइन कोर्स केला, पोलीस तपासणीचा कागद दिला. पहिल्याच सरावात हातमोजा काढून बोटं वर केली आणि उरलेला वेळ पोरांना कोपऱ्यात तीन विरुद्ध तीन खेळवलं. आठवड्यात तीन पालकांच्या ईमेल आल्या: आमच्या मुलाच्या वैयक्तिक स्किलचं काय? तिने सविस्तर उत्तर लिहिलं, माझ्या मते गरजेपेक्षा फार नम्र. दोन मुलं तरीही संघ सोडून गोदामात गेली. आता संघात गोलकीपर धरून अकराजण उरलेत, त्यामुळे नातवाला बर्फावर जास्त वेळ मिळतो आणि नाइलाजाने पासही द्यावा लागतो.