फ्लेमप्रूफ केबल ग्लँड: ऑर्डर घेण्याआधी विचारायचे पाच प्रश्न



चंद्रपूर-गडचिरोलीत इलेक्ट्रिकलचं दुकान टाकायचं म्हटलं की बहुतेक जण घरगुती वायरिंगचा माल भरतात. मग शेजारच्या दुकानदाराशी दोन-दोन रुपयांची स्पर्धा. पण आपल्याभोवती काय आहे बघा: वेकोलिच्या कोळसा खाणी, २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, सिमेंट कारखाने, गडचिरोलीत कोनसरीचा लोहप्रकल्प. यांना रोज लागणारी एक छोटी वस्तू म्हणजे केबल ग्लँड. आज तिच्या सगळ्यात जोखमीच्या प्रकाराबद्दल बोलू.

एवढ्याशा ग्लँडचं काम काय?

केबल मोटरच्या किंवा स्विचच्या डब्यात जिथून शिरते, तिथे बसणारा पितळी भाग म्हणजे ग्लँड. भूमिगत कोळसा खाणीत मिथेन वायू असतो. हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरे. म्हणून तिथे फ्लेमप्रूफ डबा वापरतात. आत स्फोट झाला तरी डबा फुटत नाही आणि ज्वाळा बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. ग्लँड हा त्याच डब्याच्या भिंतीचा भाग आहे. महागडा डबा घेतला आणि ग्लँड साधी बसवली, तर भिंतीला भोक ठेवल्यासारखंच झालं. खाणीतला स्फोट काय करतो, हे १९६५ साली धोरीच्या कोळसा खाणीने दाखवलं. तिथे अडीचशेहून जास्त कामगार गेले.

अडचण अशी की साधी वेदरप्रूफ डबल कॉम्प्रेशन ग्लँड आणि फ्लेमप्रूफ ग्लँड काउंटरवर जवळजवळ सारख्याच दिसतात. "भाऊ, पंचवीसची डबल कॉम्प्रेशन द्या ना," एवढ्यावर माल देऊ नका. हे विचारा:

१. कुठे बसणार? खुली खाण की भूमिगत? खाणीचा माल 'ग्रुप १', बाकी वायूच्या जागा 'ग्रुप २', धुळीच्या जागा 'ग्रुप ३'. ग्रुप २ ची ग्लँड खाणीत चालेल असं गृहीत धरू नका. तिच्यावर ग्रुप १ चाही शिक्का हवा. खाणीत ॲल्युमिनियमवरही बंधनं आहेत, म्हणून पितळी माल मागतात.

२. वायू कोणता? पेट्रोल, एलपीजी म्हणजे २ए. हायड्रोजन म्हणजे २सी. वीज केंद्रातले मोठे जनरेटर हायड्रोजनने थंड करतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येतोच. २सी ची ग्लँड २ए ला चालते, उलटं चालत नाही.

३. केबल कशी आहे? आर्मर्ड की साधी? बाहेरच्या कव्हरवरचा आणि आर्मरखालचा, असे दोन्ही व्यास मोजून घ्या. नुसतं "चार कोअर सोळा स्क्वेअर" पुरत नाही, कारण कंपनीप्रमाणे व्यास बदलतो. फ्लेमप्रूफ डब्याला जाणारी केबल गोल आणि आतून भरीव नसेल, किंवा ३ मीटरपेक्षा कमी लांबीची असेल, तर आत कंपाउंड भरायची बॅरियर ग्लँड लागते.

४. डब्याचा आटा कोणता? मेट्रिक, एनपीटी की जुना ईटी? फ्लेमप्रूफमध्ये निदान पाच आटे पूर्ण बसायला हवेत. "थोडी ढिली आहे, टेप गुंडाळतो" हा जुगाड इथे नाही. रिकाम्या राहिलेल्या भोकालाही प्रमाणित प्लगच लागतो.

५. कागद कोणता हवा? पेट्रोलियम-गॅसच्या जागांसाठी पेसोची मंजुरी (यांचं मुख्यालय नागपुरातच आहे), खाणीसाठी डीजीएमएसची. ग्लँडवर कोरलेला प्रमाणपत्राचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळवून बघा. जुळला नाही तर माल परत.

धंद्याचं गणित

फ्लेमप्रूफ ग्लँड महाग असते, आणि खरेदीवाले तक्रार करतील. तेव्हा स्वस्तातली देऊन मोकळं होऊ नका. कोटेशनमध्ये ग्रुप, आटा, केबलचे व्यास आणि प्रमाणपत्राचा नंबर लिहा. ज्याच्या कोटेशनमध्ये हे असतं, त्याला इंजिनिअर पुढच्या वेळी स्वतः फोन करतो. तुमचं मार्जिन या माहितीत आहे.

एक सावधगिरी. २०२१ पासून दुकानदारांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती मुख्यतः बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. सरकारी खरेदीतली लघुउद्योगांची सवलत निव्वळ ट्रेडिंग करणाऱ्याला मिळेल असं धरून टेंडर भरू नका.

शेवटचं: साइटवर कोणती ग्लँड लागेल हे ठरवणं तिथल्या जबाबदार इंजिनिअरचं काम. आपण विचारायचं, लेखी घ्यायचं आणि तेच द्यायचं.

या आठवड्याचं काम: हे पाच प्रश्न एका पानावर छापा, काउंटरवर चिकटवा आणि पुढच्या ग्लँडच्या गिऱ्हाइकाला विचारून बघा. उत्तरं लिहून ठेवा. तीच तुमची पहिली औद्योगिक फाइल.