५ कोटी ८० लाखांचे दोघे

१९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत आयपीएलचा लिलाव झाला. त्या दिवशी विदर्भाच्या दोन खेळाडूंना अगदी एकसारखी बोली लागली. पहिला उमेश यादव. वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून आलेला, भारताकडून पन्नासहून अधिक कसोटी सामने खेळलेला वेगवान गोलंदाज. त्याला गुजरातने ५ कोटी ८० लाखांना घेतलं. दुसरा शुभम दुबे. आयपीएलचा एकही सामना न खेळलेला डावखुरा फलंदाज. त्याची मूळ किंमत २० लाख होती. राजस्थानने त्याच्यासाठी मोजले तेही ५ कोटी ८० लाखच. नागपुरातल्या पानठेल्यांवर पुढचे चार दिवस दुसरा विषय नव्हता.

अकरा महिन्यांनी, २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला, जेद्दाहमध्ये मोठा लिलाव झाला. तिथे शुभमला त्याच राजस्थानने पुन्हा घेतलं, पण ८० लाखांत. उमेशची मूळ किंमत २ कोटी होती. त्याच्यासाठी कुणी हातच वर केला नाही.

आता प्रश्न असा की, शुभमच्या बॅटमधली ताकद अकरा महिन्यांत सातपटीने कमी झाली का? तसं कुणीच म्हणणार नाही. मग कमी काय झालं? ते समजून घ्यायचं तर किंमत कशाची लागते इथपासून सुरुवात करावी लागेल.

हा हिशेब सर्वांत आधी शिकली ती घरबसल्या संघ बांधणारी मंडळी. ऑकलंडच्या संघाच्या मालकांपैकी एक असलेल्या बिल विंकेनबाख यांनी १९६२ साली सोबत्यांबरोबर एक खेळ रचला. खऱ्या खेळाडूंची आपसात वाटणी करायची, आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा करायचे. तो अमेरिकी फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायचा, आपला नव्हे. आपल्याकडे हीच कल्पना क्रिकेटवर आली आणि मोबाइलमधून घराघरांत शिरली. पैसे लावून खेळायचे तिचे ऑनलाइन प्रकार ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले. ते बरंच झालं असं माझं मत आहे. मित्रांनी गच्चीवर बसून वही-पेन्सिलीने खेळायचा खेळ मात्र कुणी बंद केलेला नाही, आणि खरी डोकेबाजी त्यातच आहे.

समजा, आठ मित्र आहेत. प्रत्येकाकडे १०० चिंचोके. प्रत्येकाने ११ खेळाडू घ्यायचे : ४ फलंदाज, १ यष्टिरक्षक, २ अष्टपैलू आणि ४ गोलंदाज. बोली चिंचोक्यांत, किमान बोली एक. हंगामात कोण किती गुण मिळवील याचा अंदाज तुम्ही वहीत मांडला आहे. सर्वांत चांगला फलंदाज ६२० गुण मिळवील असं तुम्हाला वाटतं, तर सर्वांत चांगला यष्टिरक्षक ५४०. जास्त चिंचोके कुणावर लावाल?

बहुतेक जण फलंदाजावर लावतात, आणि तिथेच फसतात. कारण गुण किती, हा प्रश्नच चुकीचा आहे. हा खेळाडू हातचा गेला तर त्याच्या जागी मला कोण मिळेल, हा खरा प्रश्न. आठ जण मिळून ३२ फलंदाज उचलणार. म्हणजे तेहतिसावा फलंदाज कुणालाही जवळजवळ फुकट मिळणार. त्याचा अंदाज ३८० गुणांचा असेल, तर पहिल्या फलंदाजाची खरी कमाई ६२० नव्हे; ती २४०. यष्टिरक्षक मात्र आठच जाणार. नववा यष्टिरक्षक २५० गुणांवर असेल, तर पहिल्याची कमाई २९०. एकूण गुण कमी असूनही तो फलंदाजापेक्षा महाग पडायला हवा.

याचे चिंचोके करणंही अवघड नाही. आठ जणांचे मिळून ८०० चिंचोके. ८८ खेळाडूंवर किमान एकेक चिंचोका जाणारच, उरले ७१२. आता ८८ जणांची ही ‘उरलेल्यापेक्षा जास्तीची’ कमाई एकत्र करा. ती बेरीज ७१२० आली असं धरू. म्हणजे दहा जादा गुणांना एक चिंचोका. यष्टिरक्षकाचे २९ अधिक १, म्हणजे ३०. फलंदाजाचे २४ अधिक १, म्हणजे २५. यष्टिरक्षक २२ ला मिळाला तर फायदा, ३८ ला मिळाला तर तोटा, मग तो कितीही लाडका असो. एवढं कोष्टक ज्याच्या वहीत तयार आहे, तो लिलावात गडबडत नाही.

हा नियम नागपूरकरांना नवा वाटायचं कारण नाही. कळमना बाजारात संत्र्याचा ढीग उभा राहतो तेव्हा त्याचा भाव फळाच्या गोडीवरच ठरत नाही. त्या दिवशी आवक किती, आणि शेजारी तशाच मालाचे ढीग किती, हे आधी पाहिलं जातं. आंबिया बहाराचा माल भरभरून येत असताना जे फळ मागे पडतं, त्याच फळाला आवक आटल्यावर चांगला भाव येतो. फळ तेच असतं; त्याच्या शेजारी काय उभं आहे ते बदलतं.

शुभमच्या बाबतीत मोठा भाग याचाच असावा. डिसेंबर २०२३ चा लिलाव छोटा होता. संघांनी आपापले चांगले खेळाडू घरीच ठेवले होते आणि ७७ जागा भरायच्या होत्या. त्यासाठी दहा संघांकडे मिळून २६२ कोटी ९५ लाख होते. म्हणजे जागेमागे सुमारे ३ कोटी ४१ लाख. जेद्दाहमध्ये २०४ जागा आणि ६४१ कोटी ५० लाख, म्हणजे जागेमागे ३ कोटी १४ लाख. थोडक्यात, पैसा फारसा आटला नव्हता. पण संघांनी मिळून फक्त ४६ खेळाडू राखले होते. बाकी सारे बाजारात उतरले होते. आवक वाढली आणि ‘त्याच्या जागी कोण?’ या प्रश्नाला पाच-सहा नवी उत्तरं तयार झाली.

दुसरं कारण अंदाजाचं. २०२३ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत शुभमने सात सामन्यांत २२१ धावा काढल्या, त्याही शंभर चेंडूंमागे १८७ च्या वेगाने. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण सामने सातच. सात सामन्यांत चांगल्या खेळाडूचंही फावतं आणि मध्यम खेळाडूचंही. म्हणून हिशेबी माणूस असा आकडा जसाच्या तसा धरत नाही. तो त्या दर्जाच्या फलंदाजांच्या सरासरीकडे ओढून घेतो. सामने जितके कमी, तितकं ओढणं जास्त. शंभर सामन्यांचा आकडा जवळपास जागेवरच राहू द्यावा.

आणि बोलीत नेमकं उलटं होतं. दहा संघ एकाच खेळाडूचा अंदाज बांधतात. कुणाचा कमी येतो, कुणाचा जास्त. खेळाडू मिळतो कुणाला? ज्याचा अंदाज सर्वांत चढा, त्याला. म्हणजे जिंकणाऱ्याने जास्त मोजलेले असण्याची शक्यता मुळातच जास्त. जुना, पारखलेला खेळाडू असेल तर अंदाजांत फरक थोडा राहतो. नवख्याच्या बाबतीत तो फार मोठा असतो, म्हणून तिथे आपल्या मनातल्या आकड्याच्या बरंच खाली थांबावं.

उमेशचं गणित याच्या दुसऱ्या टोकाला आहे. आयपीएलमध्ये १४८ सामने, १४४ बळी. इथे अंदाज करायला काही उरलंच नव्हतं. पण लिलावात विकलं जातं ते पुढचं वर्ष, मागची पंधरा नव्हेत. २०२४ च्या हंगामात तो सात सामने खेळला होता आणि लिलावाच्या वेळी वय ३७ होतं. त्यात २ कोटींची मूळ किंमत. त्या किमतीखाली बोली लावायची सोयच नसते. कदाचित ५० लाखांना कुणी घेतलंही असतं. पण तो प्रश्न कुणाला विचारलाच गेला नाही. न विकला जाणं आणि किंमत शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत हा फरक सहसा दिसत नाही.

आता तिसरा वैदर्भीय, अमरावतीचा जितेश शर्मा. २०२२ मध्ये पंजाबने त्याला २० लाखांना घेतलं. २०२४ चा त्याचा हंगाम बेताचा गेला, धावा १८७. तरीही जेद्दाहमध्ये त्याची बोली ७ कोटींवर गेली. तिथे पंजाबने आपला जुना खेळाडू परत मागण्याचा हक्क वापरला. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे बोली जिंकणाऱ्या बंगळूरला एकदा शेवटचा आकडा वाढवून सांगता येत होता. त्यांनी थेट ११ कोटी सांगितले आणि पंजाबने हात आखडता घेतला.

हे ४ कोटी उगाच उधळले म्हणावेत का? आयपीएलच्या अकरा जणांत परदेशी चारच चालतात. खालच्या क्रमांकावर येऊन पहिल्या चेंडूपासून फटकावणारा आणि यष्टिरक्षणही करणारा भारतीय खेळाडू मोजायला एका हाताची बोटं पुरतात. आपल्या कोष्टकातल्या भाषेत सांगायचं तर नववा यष्टिरक्षक इथे फारच खाली आहे. शिवाय एकच खेळाडू दोन संघांना सारख्या मोलाचा नसतो. ज्याच्या घरी ती जागा रिकामी आहे त्याला तो जास्त मोलाचा.

२७ मे २०२५ रोजी लखनौत २२८ धावांचा पाठलाग करताना जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या आणि बंगळूर पहिल्या दोनांत पोहोचलं. ३ जूनच्या अंतिम सामन्यात त्याच्या १० चेंडूंत २४ धावा होत्या; बंगळूर जिंकलं ते ६ धावांनी. समोर संघ होता पंजाबचा.

चिंचोक्यांकडे परत येऊ, कारण एक व्यवहाराची बाब राहिली. कोष्टक लिलावाच्या आधीचं असतं. बोली सुरू झाली की ते शिळं होत जातं. पहिल्या तासात सगळे हात सैल सोडतात. दर चार-पाच खेळाडूंनंतर कुणाकडे किती चिंचोके उरले आणि कोणत्या जागा रिकाम्या आहेत, हे समासात लिहीत जा. सहा मित्रांचे यष्टिरक्षक घेऊन झाले असतील, तर उरलेल्या जागा दोनच. मग तुमची चुरस एकाशीच आहे, आणि त्याच्याकडे नऊ चिंचोके असतील तर तुम्हाला दहाच्या वर जायचं कारण नाही. उलट सगळे जपून खेळले आणि शेवटी दहा खेळाडूंसाठी दीडशे चिंचोके उरले, तर साध्या गोलंदाजालाही पंधराचा भाव येतो. अशा वेळी तो पंधराला घ्यावा, कारण खेळ संपल्यावर मुठीत उरलेल्या चिंचोक्यांना गुण मिळत नाहीत.