गोधडीवाल्यांनो, पुस्तकं कोणती आणि वेळ कुठून?

गोधडी शिवायला पुस्तक कशाला, असं आमच्या भिवपुरीत कुणीही विचारेल. खरंय, धावदोरा पुस्तकातून येत नाही. पण बघायला नजर लागते, ती येते.

पहिलं नाव गीता खंडेलवाल यांच्या ‘गोधडीज ऑफ महाराष्ट्र’चं. आपल्या गावोगावच्या गोधड्यांवरचं हे पुस्तक छापलं मात्र फ्रान्सच्या ‘क्विल्टमानिया’नं! दोघी-तिघींनी मिळून घ्या. दुसरं पॅट्रिक फिन यांचं ‘क्विल्ट्स ऑफ इंडिया’ (नियोगी बुक्स, 2014). त्यात देशभरातले प्रकार आहेत. जाडजूड आहे, मांडीवर घेऊन निवांत चाळायचं.

उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ गोधडीही जरूर अभ्यासा. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि तुकडे लावत, टाके घालत, गोल फिरत मध्यापर्यंत येतात. तुकडे आधी जोडून घ्यायची भानगडच नाही. नवशिक्यांनी हीच पद्धत धरावी, असं माझं ठाम मत.

आता वेळ. भिवपुरी रोडहून सीएसएमटी म्हणजे लोकलचे जवळपास दोन तास. बसायला जागा मिळाली तर (हा ‘तर’ मोठा आहे!) तुकडे आधी जोडून घेणाऱ्यांचे वीतभर चौकोन सहज जोडून होतात. कापायचं काम घरीच उरका, डब्यात फक्त सुई-दोरा. थर घालून टाके मारायचं काम होळीनंतर काढा. जुनी सुती लुगडी कडक उन्हात वाळतात, शिवाय लावणीला अजून अवकाश असतो. आपल्याकडच्या पावसात ओली गोधडी आठवडाभर कुबट वास मारते. तेव्हा पावसाळ्यात फक्त चिंध्या रंगवार लावून ठेवायच्या.