चमचाभर तेलाचा हिशेब

टोलनाक्यावरची लांबलचक रांग. जुन्या टोयोटा क्वालिसचा ड्रायव्हर पहिला गिअर टाकून, क्लच तळापर्यंत दाबून बसलेला. पाय जागचा हललेला नाही, तरी गाडी पुढे ओढ घेऊ लागते. तो घाईने पेडल दोनदा मारतो, गाडी पुन्हा सुटते, आणि अर्ध्या मिनिटात तीच ओढ. संध्याकाळी गाडी गॅरेजला लागते. ‘क्लचप्लेट गेली असणार’ असं ठरतं आणि गिअरबॉक्स खाली येतो. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवं पडतं. चार दिवसांनी त्याच टोलनाक्यावर गाडी पुन्हा ओढ घेते, कारण दोष पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधल्या बोटाच्या पेराएवढ्या रबरी सीलमध्ये होता आणि त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

जुन्या गाड्यांवर असा फुकटचा खर्च फार होतो. तो टाळता येतो, म्हणून हायड्रॉलिक क्लचचं निदान ही नीट शिकण्यासारखी विद्या आहे.

क्वालिस तिच्यासाठी योग्य उदाहरण ठरते. इंडोनेशियातल्या टोयोटा किजांगची ही भारतीय बहीण २००० साली रस्त्यावर आली आणि २००५ मध्ये इनोव्हासाठी तिने जागा रिकामी केली. बांधणारी कंपनी कर्नाटकातल्या बिडदीची, १९९७ मध्ये स्थापन झालेली टोयोटा किर्लोस्कर. म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला मांडलेल्या उद्योगाचं नाव तिच्या कागदपत्रांत आहेच. लग्नाची वऱ्हाडं, अष्टविनायकाच्या फेऱ्या, कंपन्यांची ने-आण असं सगळं तिने वाहिलं. आज सर्वांत धाकटी क्वालिसही विशीला टेकली आहे. इंजिन अजून दम धरतं, पण रबराला एवढं आयुष्य नसतं.

मारुती ८०० मध्ये पेडलपासून क्लचपर्यंत सरळ केबल जाते. तुटली की तुटली, संशयाला जागा नाही. क्वालिसमध्ये केबलचं काम तेल करतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरचा पिस्टन तेल ढकलतो. ते नळीतून गिअरबॉक्सच्या अंगाला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरात पोचतं. स्लेव्हचा दांडा फोर्कला रेटतो, फोर्क रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांना. प्लेट सुटते, गिअर पडतो.

या तेलाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा स्लेव्हचा व्यास २० मिलिमीटर आहे आणि त्याचा दांडा १० मिलिमीटर सरकायला हवा. त्याला लागणारं तेल भरतं ३.१४ मिलिलिटर. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतात. म्हणजे पाऊण चमच्याहूनही कमी तेलावर क्लच सुटायचा की नाही हे ठरतं! नळीत एक मिलिलिटर हवा शिरली तर दाबाखाली ती जवळजवळ नाहीशी होते आणि दांड्याची तीन मिलिमीटर चाल खाऊन टाकते. मग पेडल स्पंजासारखं लागतं आणि गिअर करकरतात. मास्टरच्या झिजलेल्या सीलमागून थेंब-थेंब तेल परत फिरलं तरी परिणाम तोच. फक्त तिथे बाहेर एक थेंबही दिसत नाही. टोलनाक्यावरची ओढ अशीच असते.

म्हणून जाणता मिस्त्री गिअरबॉक्सच्या नटांना हात लावण्याआधी गाडीखाली जातो, एकाला पेडल दाबायला बसवतो आणि स्लेव्हच्या दांड्याशेजारी पट्टी धरतो. अनेक जुन्या गाड्यांत तो सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर सरकतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलात असतो. दांडा पुरेसा सरकला, दाबलेल्या पेडलवर तिथेच ठाम राहिला आणि तरीही गिअर पडत नसेल, तर दोष आत आहे. वाकलेला फोर्क, झिजलेला टेकू, फ्लायव्हीलमधलं जाम झालेलं पायलट बेअरिंग, किंवा पावसाळाभर उभ्या गाडीत गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली प्लेट, असं काहीही. मग गिअरबॉक्स उतरवणं योग्यच. पण दांडा अर्धाच सरकला, किंवा सरकून मागे येऊ लागला, तर दुखणं तेलाच्या वाटेवर आहे आणि पाना-पक्कड घेऊन बाहेरूनच सापडतं.

आता मास्टर की स्लेव्ह? स्लेव्हचं रबरी बूट बाजूला केलं आणि आत ओल दिसली, तर त्याचं सील गेलं. मास्टर मागून गळत असेल तर तेल दांड्यावरून केबिनमध्ये उतरतं. पेडलमागचा रंग सुटलेला दिसतो, पायाखालची मॅट चिकट लागते. दोन्हीकडे कोरडं असेल तर रबरी होज गोल जबड्याच्या क्लॅम्पने दाबायची. पेडल दगडासारखं घट्ट झालं आणि तसंच टिकलं तर मास्टर शाबूत. तरीही खाली जात राहिलं तर मास्टरचं किट, किंवा आतून चरे पडले असतील तर अख्खा मास्टरच बदलायला हवा. चरे पडलेल्या सिलिंडरात नवं किट टाकणं म्हणजे तेच काम महिनाभराने पुन्हा करणं.

उलटा आजारही असतो, आणि तो जास्त फसवतो. क्लच सुटतो, पण पुरता धरत नाही. चढावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र सरकत नाही. इथे तर प्लेटच दोषी ठरते. पण आधी स्लेव्हचं हवा काढायचं निपल किंचित सैल करून पाहावं. तेलाची चिळकांडी उडाली आणि क्लच नीट धरू लागला, तर नळीत दाब अडकून पडला होता. पेडलला मोकळी चाल न ठेवल्याने मास्टरमधलं परतीचं बारीक भोक बंद राहिलं असेल, नाहीतर जुनी होज आतून सुजून तेल जाऊ देत असेल पण परत येऊ देत नसेल. नवी प्लेट टाकून यातलं काहीच बरं होत नाही.

गॅरेजवाल्यांवर अन्याय होतो तो आणखी एका प्रसंगात. नवी प्लेट पडते आणि महिन्याभरात स्लेव्ह गळू लागतो. ‘हात लावला आणि बिघडवली’ असं गिऱ्हाईक म्हणतं. खरं कारण वेगळं आहे. प्लेट झिजत जाते तशा प्रेशर प्लेटच्या पाकळ्या मागे येतात आणि स्लेव्हचा पिस्टन वर्षानुवर्षं सिलिंडरात खोलवर काम करतो. नव्या प्लेटबरोबर तो पुन्हा तोंडाकडे येतो, जिथे बुटाखालून शिरलेल्या ओलाव्याने गंज धरलेला असतो. त्या खरखरीत पट्ट्यावर जुनं सील किती तग धरणार? गिअरबॉक्स उतरलाच आहे तर स्लेव्हही उघडून पाहावा. गिऱ्हाइकाला आधीच सांगून पाहावा.

ओलावा तेलातूनही येतो. ब्रेक-क्लचचं ग्लायकोल तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याला पाण्याची काय कमी! डॉट ३ प्रतीचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही हमी १४० अंशांवर उतरते. तेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं. मास्टरवरच्या वाटीतलं तेल काळपट झालं की ते बदलायचं, नुसती भर घालून भागत नाही. आणि अडीअडचणीला इंजिन ऑइल कधीच ओतायचं नाही. त्याने रबरी सील फुगतात आणि मग एकही सिलिंडर भरवशाचा राहत नाही.

शेवटी उरते हवा काढणं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं, वरची वाटी भरलेली. खालून आवाज येतो, ‘मार... मार... धर!’ पेडल धरलं की निपल उघडतं, बुडबुडे सुटतात, निपल बंद होतं आणि मगच ‘सोड’ येतो. क्रम चुकला तर बाहेर आलेली हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू राहतं. मग इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरायचं आणि रिव्हर्स टाकायचा, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो आणि क्लच जरा जरी धरून असला तरी तो करकरतो. करकर न होता गिअर पडला की मिस्त्री बॉनेटच्या कडेवर सांडलेलं तेल रंग खायच्या आत पाण्याने धुऊन काढतो आणि चावी परत देतो.