चुलाणाचे धुराडे आणि पनवेलचा पाऊस

पनवेलच्या जुन्या भागातील एखादे कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. मागल्या बाजूला न्हाणीघर, तेथे अंघोळीचे पाणी तापवण्याचे चुलाण आणि चुलाणावरून निघून कौलांच्या वर डोके काढणारे विटांचे चौकोनी धुराडे. आता बहुतेक घरांत पाणी गॅसवर किंवा विजेवर तापते. चुलाण पेटते ते दिवाळीला, किंवा घरात पाहुणे फार झाले म्हणजे. धुराडे मात्र बारा महिने उन्हापावसात उभे असते. घराच्या भिंतींना छपराच्या वळचणीचा आडोसा तरी मिळतो. धुराड्याला पाऊस चारही बाजूंनी झोडपतो आणि वरूनही.

हा पाऊस किती असतो? पनवेलला वर्षाला साधारण अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी जमते. धुराड्याचे तोंड आतून ३० सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद आहे असे धरा. त्याचे क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर. तीन हजार मिलिमीटर पावसात एवढ्याशा तोंडातून २७० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या अठरा बादल्या पाणी आत जाईल! बाहेरच्या अंगावर वाऱ्याने आपटणारे पाणी निराळेच.

वीट पाणी पिते

एक सोपा प्रयोग करा. चांगली वाळलेली वीट तराजूत तोला. मग ती २४ तास पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढून फडक्याने पुसा आणि पुन्हा तोला. वजन वाढलेले दिसेल. विटेत केसाहूनही बारीक असंख्य छिद्रे असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे त्यांत पाणी शिरते. साध्या भाजक्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे तीन किलोची चांगली वीटसुद्धा अर्धा किलोहून अधिक पाणी पिऊ शकते.

थंड देशांत विटेतील या पाण्याचा हिवाळ्यात बर्फ होतो. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि विटेचे कपचे उडतात. पनवेलला बर्फाची भीती नाही, पण येथे दुसरे शत्रू आहेत. पाण्यात विरघळलेले क्षार वीट वाळताना पृष्ठभागापाशी येतात आणि तेथे त्यांचे स्फटिक बनतात. यालाच आपण लोणा म्हणतो. हे स्फटिक छिद्रांतच वाढले, तर विटेचा पापुद्रा भुग्यासारखा गळू लागतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी दरजेत पडते. त्याचे मूळ आधी दोऱ्याएवढे असते, पण काही वर्षांत ते दोन विटा दूर सारते.

आतून हल्ला धुराचा असतो. लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ, डांबरासारखी द्रव्ये आणि व्हिनेगारात असते ते अॅसेटिक आम्ल असते. दगडी कोळसा जाळला तर गंधकाचे वायू निघतात आणि ओलाव्यात त्यांची आम्ले बनतात. ती सांध्यातील चुना किंवा सिमेंट यांच्याशी संयोग पावतात आणि तयार झालेले नवे पदार्थ अधिक जागा मागतात. मग सांधा फुगतो. कोकणात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून होतो. ती बाजू अधिक ओली राहते, अधिक फुगते आणि उंच धुराडे हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकू लागते.

आणखी एक गंमत पाहा. रोज पेटणारे चुलाण धुराड्याला आतून वाळवत असते. चुलाण बंद पडले की हे वाळवणेही थांबते. म्हणून वापरात नसलेले धुराडे अधिक लवकर खराब होते.

चुना की सिमेंट?

लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिन या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्यापूर्वीची बांधकामे चुन्यातली, आणि आपल्याकडची कित्येक जुनी घरेही घाणीत मळलेल्या चुन्यात बांधलेली आहेत. चुनखडी भाजली की कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातले की तो विरतो. भिंतीत बसल्यावर हवेतील कार्बन डायॉक्साइड सावकाश परत घेऊन तो पुन्हा दगडासारखा होतो.

असा चुना विटेहून मऊ आणि सच्छिद्र असतो. ओल सांध्यातून बाहेर पडते आणि झीज सोसतो तो सांधा. त्यावर सिमेंटचा कडक लेप दिला तर ओलीची वाट बंद होते. ती मग विटेतून बाहेर पडू पाहते आणि विटा फुटतात. सांधा पुन्हा भरता येतो, फुटलेली वीट मात्र बदलावीच लागते. म्हणून जुन्या चुन्याच्या बांधकामाची डागडुजी चुन्यानेच करावी.

दुरुस्ती कशी करतात?

जाणता गवंडी आधी भुसभुशीत दरजा बोटाच्या पेराएवढ्या खोल खरवडतो, धूळ झाडतो, विटा पाण्याने भिजवतो आणि मगच चुना दाबून भरतो. त्यावर ओले गोणपाट आठवडाभर ठेवतात. कोरड्या विटेने चुन्यातील पाणी ओढून घेतले, तर सांधा कच्चा राहतो. हे काम दिवाळीनंतर करणे उत्तम, कारण चुन्याला कडक व्हायला महिने लागतात. मेअखेरीस भरलेली दरज जूनच्या पहिल्या सरींत धुऊन जाऊ शकते.

धुराड्याच्या माथ्यावर चार कोपऱ्यांत लहान खांब उभारून त्यांवर फरशी बसवावी. फरशी चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर पुढे असावी आणि तिच्या खालच्या अंगाला कडेजवळ एक खाच असावी. ही खाच कशासाठी? पेल्यातून पाणी हळू ओता. ते खाली न पडता पेल्याच्या अंगावरून ओघळते. फरशीखालचे पाणीही असेच मागे सरकत विटांपर्यंत जाते. खाच आली की त्याची वाट तुटते आणि थेंब खाली पडतो.

धुराडे कौलांतून जेथे बाहेर येते, तेथे पत्रा वरून दरजेत खोचलेला आणि खाली कौलांवर आलेला हवा. घर शाकारताना ही जागा विसरू नये. येथूनच पाणी वाशांपर्यंत पोचते आणि लाकूड कुजते.

सर्वांत मोठा धोका

गळक्या धुराड्याहून तुंबलेले धुराडे भयंकर. गरम हवा हलकी असते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वजन १.२ किलो, तर १५० अंशांना जेमतेम ०.८३ किलो. या फरकामुळेच धूर वर ओढला जातो. धुराडे ओलेगार असेल तर धूर निवतो आणि ओढ मंदावते. पडलेल्या विटा, काजळी किंवा पक्ष्यांचे घरटे यांनी वाट अडली तर धूर घरातच फिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. दार लावलेल्या न्हाणीघरात डोके दुखू लागले, मळमळले किंवा चक्कर आली, तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि मोठ्यांना हाक मारा.

धुराड्यावर तुम्ही मुळीच चढू नका. जमिनीवरूनही पुष्कळ कळते. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करा, तो हात लांब करून डोळ्यांसमोर धरा आणि धुराड्याची कड दोऱ्याशी जुळते का ते पाहा. चुलाण पूर्ण थंड असताना, मोठ्यांना सोबत घेऊन, धुराड्याच्या तळाशी लहान आरसा तिरका धरा. धुराडे सरळ असेल तर आरशात उजेडाचा तुकडा दिसेल. तो दिसला नाही, तर चुलाण पेटवण्याआधी गवंड्याला बोलवा.