निवेदन नसलेली काशी

अनुबोधपट म्हटला की आमच्या पिढीला आधी आठवतो तो एक आवाज. लहानपणी थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट दाखवीत. पडद्यावर धरण असो की जत्रा, काय पाहावे आणि त्याविषयी काय वाटून घ्यावे, हे तो भारदस्त आवाज सांगून टाकी. आज ज्या अनुबोधपटाविषयी बोलायचे आहे, त्यात तो आवाजच नाही.

नाव ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’, म्हणजे आनंदवन. ह्या शब्दाने आपल्याला वरोरा आठवते. पण आनंदवन हे काशीचे जुने नाव. रॉबर्ट गार्डनर ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा हा ९० मिनिटांचा चित्रपट १९८६ सालचा. माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला आपण मानववंशशास्त्र म्हणतो. त्या शास्त्राच्या अंगाने चित्रपट काढणाऱ्यांत गार्डनरचे नाव मोठे. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतची काशी त्याने दाखविली आहे. निवेदन नाही, आणि माणसे बोलतात त्याचे भाषांतरही खाली उमटत नाही. न्यू गिनीतील दानी लोकांवरच्या ‘डेड बर्ड्‌स’मध्ये त्याने स्वतः निवेदन केले होते. म्हणजे येथे तो मुद्दाम गप्प बसला.

पूजेवरचा चित्रपट म्हटल्यावर आपण देऊळ, घंटा, गंगास्नान ह्यांची अपेक्षा करतो. ते सारे आहे. एक पुजारी, आजाऱ्यांना बरे करणारा एक भगत आणि डोमांचा राजा अशा तिघांमागून कॅमेरा फिरतो. चितेचा अग्नी डोमांकडूनच घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे पडतात, हे आपणांस ठाऊक असेल. पण माझी नजर खिळली ती निराळ्याच ठिकाणी. झेंडू खुडला जातो, त्याच्या माळा होतात. तीच माळ देवाला आणि तीच प्रेताला. बांबूच्या तिरड्या बांधल्या जातात. नवी नाव तयार होते आणि पूजा होऊन पाण्यात जाते. लाकडाने लादलेल्या नावा घाटाला लागतात. माणसे ओंडके वाहून नेतात, फोडतात, आणि ते लाकूड मोठ्या काट्यावर तोलले जाते. वल्ह्यांची करकर कानात राहते. काशीत अहिल्याबाईंनी आणि मराठी सरदारांनी काय काय बांधले हे आपण अभिमानाने सांगतो. तिथे ओझे कोण वाहते, हे मी तरी प्रथमच इतका वेळ पाहिले.

आमच्या युनियनच्या कचेरीत काही मंडळींना हा चित्रपट दाखविला. त्यांत बाजारात आयुष्यभर ओझी वाहिलेले एक वृद्ध हमाल होते. काटा दिसताच ते म्हणाले, “भाऊ, जरा थांबवा. वाहणाऱ्याला मणामागं काय मिळतं?” चित्रपट ह्याचे उत्तर देत नाही. आपल्याकडे १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याआधी हमालाचा मालक कोण, हेच धड ठरत नसे. तेव्हा हा प्रश्न त्यांच्या तोंडी येणारच.

ह्या मौनावरून पंडितांतही जुंपली. जॉनथन पॅरी ह्या इंग्रज अभ्यासकाने काशीच्या अंत्यविधींवर वर्षानुवर्षे काम केले होते. (पुढे तो भिलाईच्या पोलाद कामगारांच्या अभ्यासाकडे वळला, म्हणून मला त्याच्याविषयी थोडी आपुलकी आहे.) त्याचा १९८८ सालचा आक्षेप असा की, काहीच न सांगितल्यामुळे परक्या प्रेक्षकाला समोर काय चालले आहे ते उमगत नाही आणि तो भलतेच अर्थ लावतो. गार्डनरचा सहकारी अकोश ऑस्टर ह्याने चित्रपटाची बाजू घेतली.

मी कॉलेज पाहिलेले नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात. तरी माझे मत सांगतो. निवेदन असते, तर काट्याच्या वेळी तो आवाज मोक्षावर बोलत राहिला असता आणि हमाल मागच्या भिंतीसारखा झाला असता. आवाज नाही म्हणून डोळे हातांकडे जातात. हा गार्डनरचा मोठाच लाभ. भाषांतर गाळणे मात्र मला पटत नाही. निवेदन गाळले ते त्याचे स्वतःचे. घाटावरचे बोलणे त्या माणसांचे आहे. आपल्याला थोडे हिंदी कळते म्हणून निभावते. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला तो नुसता गलबला. सौदा, तक्रार, थट्टा, मंत्र, सगळे एकच. ज्यांचे कष्ट इतक्या मायेने टिपले, त्यांचेच म्हणणे प्रेक्षकापर्यंत पोचू नये? तीस वर्षे मी लोकांना सभेत उभे राहून बोलायला लावीत आलो, म्हणून हे मला अधिक टोचत असेल.

सगळे पांगल्यावर हमालबाबांनी तो लाकडाचा भाग पुन्हा लावायला सांगितला. उभ्यानेच पाहिला. मग चपला घालता घालता म्हणाले, “लाकूड नावेतनं येतंय. ओलं लाकूड काट्यावर जास्त भरतं. गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार, आणि तशा वेळी ते इचारणार तरी कसं?”