घरचे डॉक्टर आणि संकटातील गर्भारपण

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली येथील चाळींत व सोसायट्यांत ‘आमचे डॉक्टर’ म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्यांचा दवाखाना बहुधा घरापासून हाकेच्या अंतरावर असतो. सासूचा रक्तदाब, नवऱ्याचा जुना खोकला, मुलांचा ताप या साऱ्यांची त्यांना माहिती असते. नको असताना राहिलेल्या गर्भाची पहिली चाहूलही पुष्कळदा तेथेच लागते. स्त्री ‘पाळी चुकली’ असे न म्हणता ‘पित्त झाले आहे’ असे म्हणते आणि पुढचे डॉक्टरांनी ओळखावे अशी तिची अपेक्षा असते.

1860 च्या दंडसंहितेने स्त्रीचे प्राण वाचविण्याचा हेतू वगळता गर्भपात हा गुन्हा ठरविला होता. 1964 मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1966 मध्ये आला. त्यावर आधारलेला वैद्यकीय गर्भपात अधिनियम 1971 मध्ये संमत होऊन 1 एप्रिल 1972 पासून अमलात आला. त्याची कालमर्यादा 20 आठवड्यांची होती. ती किती तोकडी आहे, हे 2008 मध्ये डॉ. निखिल दातार व एक दाम्पत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले. गर्भाच्या हृदयात दोष आढळूनही न्यायालयाने परवानगी नाकारली. 2021 च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने ही मर्यादा 24 आठवड्यांपर्यंत नेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या कायद्याखाली गर्भपात करण्याचा अधिकार आधुनिक वैद्यकाची मान्य पदवी व विहित प्रशिक्षण अथवा अनुभव असलेल्यासच आहे. उपनगरांतील अनेक घरचे डॉक्टर आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. गर्भपाताच्या गोळ्या देणे त्यांच्या कक्षेबाहेरचे होय. तथापि त्यांचे काम त्यामुळे गौण ठरत नाही. गर्भ किती आठवड्यांचा आहे हे वेळीच ठरविणे आणि राजावाडी किंवा कूपरसारख्या पालिका रुग्णालयाकडे विलंब न लावता पाठविणे, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. ‘आठ दिवसांनी पाहू’ हे वाक्य सर्दीला चालते, येथे चालत नाही.

खरी कसोटी गुप्ततेची आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्यास पुरेशी आहे. नवऱ्याची सही मागण्याची रूढी कायद्यातून आलेली नाही. परंतु घरच्या डॉक्टरांचा नवराही रुग्ण असतो, सासूही असते आणि कंपाउंडर कदाचित त्याच चाळीत राहतो. ज्या घरोब्यामुळे स्त्री तेथे येते, तोच घरोबा तिला घातक ठरू शकतो. अविवाहित मुलीच्या बाबतीत तर डॉक्टर उपदेशकाची भूमिका घेण्याचा संभव फार. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निर्णयात 24 आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रियांनाही लागू असल्याचे सांगितले. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची संमती लागते. शिवाय 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार पोलिसांना कळविणेही बंधनकारक आहे. मात्र मुलीने व पालकाने विनंती केल्यास तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असा खुलासा त्याच निर्णयात आहे. पोलिसांच्या भीतीने मुलीला दारातूनच परत पाठविणाऱ्या डॉक्टरास हा खुलासा माहीत असणे अगत्याचे आहे.

गर्भ राखण्याची इच्छा असून मूल वाढविणे अशक्य असेल, तर 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार बालकल्याण समितीपुढे मूल सुपूर्द करता येते व फेरविचारास 60 दिवस मिळतात. संकटाचे मूळ घरातील मारहाणीत असेल, तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘सेहत’ संस्था व महानगरपालिका यांनी सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राचा मार्ग आहे. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही तशी केंद्रे निघाली.

गर्भपातानंतर रक्तस्राव वाढला वा ताप आला, तर स्त्री बहुधा पुन्हा त्याच ओळखीच्या बाकावर येऊन बसते. त्या वेळची नोंद कुटुंबाच्या सामायिक केसपेपरवर न करता स्वतंत्र कागदावर करावी आणि तो कागद कुलुपात ठेवावा, हे इष्ट.